आजोबांचं बत्तीस बोअर पिस्तूल: सात हजारांत काय घ्यावं, काय नको?

पैनगंगाकाठ (ता. केळापूर, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून सगळं लिहितो.

आमच्या आजोबांकडे वेब्ली अँड स्कॉटचं बत्तीस बोअर पिस्तूल होतं. जुनं विलायती, आठ गोळ्यांचं मॅगझिन. आजोबा आता ८३ वर्षांचे आहेत, हात थरथरतो, म्हणून त्यांनी हयातीतच ते माझ्या नावावर करायचं ठरवलं. (कोणाच्या घरी असंच असेल तर माहीत असू द्या: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर वारसाला त्या हत्याराचा परवाना मागता येतो. मरेपर्यंत थांबायची गरज नाही.) पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, घरात हत्यार नीट ठेवीन म्हणून लिहून द्यायचं हमीपत्र, सगळं धरून मला चौदा महिने लागले. परवाना महाराष्ट्रापुरता आहे.

माझी अठरा एकर शेती, कापूस आणि तूर. सोबत खेडा खरेदी करतो, म्हणजे आसपासच्या चार-पाच गावांतला कापूस घेऊन जिनिंगला पाठवतो. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत रोज रोकड जवळ असते आणि घरी यायला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. मोटरसायकलनेच फिरतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका व्यापाऱ्याला नाल्याच्या पुलावर अडवून लुटलं, त्याचं डोकं फोडलं. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर आहे.

सध्या मी पिस्तूल रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात ठेवतो. आजोबांच्या वेळचं रेक्झिनचं कव्हर आहे, पण त्याची शिवण उसवली आणि बटण लागत नाही. मुठीची उजवी पट्टी खालच्या कोपऱ्यात चिरली आहे. घामाने हातात सटकते.

सात हजार रुपये बाजूला काढले आहेत. मनात हे होतं: मांडीला बांधायचं काळं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान (ऑनलाइन ८९९ला आहे), लेझर, रबरी ग्रिप आणि एक जास्तीचं मॅगझिन. बायको म्हणते आधी कुलपाची पेटी घ्या, कारण पोरगा सहा वर्षांचा आणि पोरगी तीन वर्षांची आहे. जाणकारांनी सांगावं, पैसे कुठे घालू?

---

वणीकर (वणी)

भाऊ, लेझर नका घेऊ. म्या एअरगनले लावला होता, माकडं हाकलाले. दुपारच्या उन्हात तो लाल ठिपका दहा पावलांवर दिसे नाई. अन् तुमच्या जुन्या पिस्तुलाले लेझर बसवाची जागाच नसते, लोखंडाले भोक पाडा लागते. त्यापेक्षा सात-आठशेची एक चांगली हातबॅटरी घ्या. रात्री पुलावर कोण उभं हाय, चोर हाय का आपल्याच गावातला पाणी ओलाले निघालेला माणूस हाय, हे पहिले दिसलं पायजे. थंडीत रात्रीची लाईन असली का अर्धा गाव रात्री वावरात असते, तुमाले तर माहीतच हाय.

आणखी एक. जंगली डुकरासाठी किंवा वाघाच्या भीतीनं जवळ ठेवत असान तर तो विचार डोक्यातून काढा. टिपेश्वर तुमच्या बाजूलेच हाय, म्हणून सांगून रायलो. बत्तीसच्या गोळीनं डुक्कर मरत नाई, फक्त खवळते. अन् वाघावर गोळी झाडली तर १९७२ चा वन्यजीव कायदा हाय.

---

फुलथ्रू (कारंजा लाड, जि. वाशीम)

बेटा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. बहुतेक पोरं हत्यार किती भारी दिसेल ते विचारतात. तू रुमालात गुंडाळतो हे खरं खरं सांगितलंस, त्यामुळे मलाही नेमकं सांगता येईल.

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या विभागात, आर्मरर होतो, चोवीस वर्षं. हत्यारं उघडायची, घासायची, दुरुस्त करून परत युनिटला द्यायची, हेच काम. पलटणीत नळी साफ करायच्या दोरीला आम्ही फुलथ्रू म्हणायचो, तेच नाव इथे घेतलं आहे. वेब्लीची बत्तीस बोअर पिस्तुलं निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांकडे पाहिली, पाच-सहा तरी. मालगुजार आणि देशमुख घराण्यांत ती खूप आली होती. लंडनच्या पोलिसांनी १९११ साली हेच पिस्तूल घेतलं होतं. चीज उत्तम आहे. त्यात काही बदलायचं नाही, एवढं आधी मनाशी पक्कं कर. तुझे पैसे पिस्तुलात घालायचे नाहीत, पिस्तुलाभोवती घालायचे आहेत.

आजपासून खिसा बंद. खिशात किल्ल्या असतात, सुतळी असते, मोटरसायकलला किक मारताना कापड ओढलं जातं. आणि तू कापसाचा माणूस आहेस. जिनिंगमध्ये हवेत रुई उडते, ती खिशात साचते, तेलाला चिकटते आणि पिस्तुलात तिचा नमदा बनतो. एका व्यापाऱ्याच्या मॅगझिनमधून मी चिमट्याने बोटभर लांब कापूस काढला आहे. त्याचं मॅगझिन तिसऱ्या गोळीला अडत होतं आणि तो काडतुसांना दोष देत होता.

तर पहिला खर्च होल्स्टर आणि पट्टा. मांडीचं होल्स्टर अजिबात नको. त्याच २०१६ च्या नियमांत लिहिलं आहे की सार्वजनिक जागी पिस्तूल अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या आवरणात असावं, पूर्ण झाकलेलं असावं आणि आपल्या ताब्यात असावं. मांडीवर बांधून बाजारातून फिरशील तर परवाना जायला वेळ लागणार नाही.

बाजारात जी कडक प्लास्टिकची होल्स्टरं मिळतात, ‘टक’ आवाज करून बसणारी, ती तुझ्या पिस्तुलाला चालणार नाहीत. मापाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. ती होल्स्टरं ट्रिगर गार्डला, म्हणजे चापाभोवतीच्या कडीला, धरून ठेवतात. वेब्लीत ती कडी नुसती कडी नाही. ती ताणून सोडवली की नळी आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मोकळी होते, म्हणजे ती कडीच पिस्तुलाची कडी-कोयंडा आहे. शंभर वर्षांच्या त्या पोलादावर रोज ओढ द्यायला मी तरी तयार होणार नाही.

कातड्याचंच होल्स्टर करून घे, आणि आपल्याकडच्या मोच्याकडून. माझ्या रिव्हॉल्व्हरचं मी कारंज्यातच करून घेतलं. कातडं साडेचारशे, मजुरी सातशे. कातडं बाभळीच्या सालीने कमावलेलं माग. क्रोमचं कातडं मऊ असतं, निळसर करडी कड दिसते, ते आकार धरत नाही आणि लोखंडाला लवकर गंज आणतं. बाभळीचं कातडं तांबूस, कडक असतं, भिजवून दाबलं की जो आकार द्याल तो धरतं.

आता महत्त्वाचं. मोच्याला पिस्तूल मापासाठी द्यायचं नाही, दुकानात ठेवून यायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. त्याच्याकडे परवाना नाही आणि तुझ्या परवान्यावर ती सोय नाही. घरी दार लावून बस. आधी मॅगझिन काढ, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागचा, गोळी बसते तो भाग) डोळ्याने पाहा, मग करंगळी घालून पाहा. ह्याच क्रमाने. आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं तर एक गोळी आत चढलेली राहते, आणि ‘रिकामं’ म्हणून हातात घेतलेल्या हत्यारातून सुटलेली गोळी अशीच आलेली असते. काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेव. मग पुठ्ठ्यावर पिस्तूल आडवं ठेवून पेन्सिलीने कड काढ, जाडी कॅलिपरने मोज. तो पुठ्ठा घेऊन सुताराकडे जा आणि सागवानाचा ठोकळा करून घे. नक्षी नको, रंग नको, नुसता आकार. मोची त्या ठोकळ्यावर ओलं कातडं ओढून, दाबून, सावलीत वाळवेल. सावलीत हे त्याला बजाव. आपल्याकडच्या उन्हात ओलं कातडं ठेवलं की पापडासारखं वळतं.

त्याला चार गोष्टी सांग. चापाची कडी पूर्ण झाकली पाहिजे, बाहेरून बोट शिरता कामा नये. तोंडाला दुहेरी कातडं लाव, म्हणजे पिस्तूल काढल्यावर तोंड मिटणार नाही. मऊ तोंड आत दुमडतं, पिस्तूल परत घालताना तो दुमडलेला कोपरा चापात अडकतो आणि गोळी सुटते. हे मी ऐकीव सांगत नाही. मागून घोड्यावरून येणारी एक पट्टी हवी, बटणाची, मोटरसायकलवरच्या खड्ड्यांसाठी. आणि पट्टा जायची जागा दीड इंचाला घट्ट हवी.

पट्टासुद्धा दीड इंचाचा, दोन थरांचा, शिवलेला. पाचशे-सहाशेत मोचीच करेल. लोक होल्स्टरवर तीन हजार घालतात आणि ते लटकवतात बाजारातल्या लिबलिबीत पट्ट्याला. मग पिस्तूल बाहेर झुकतं, शर्टातून दिसतं, माणूस दर दहा मिनिटांनी हात लावून सारखं करतो आणि सगळ्या बाजाराला कळतं.

दुसरा खर्च, पेटी. सूनबाई बरोबर बोलली. माझ्या मते तोच पहिला खर्च, पण होल्स्टर व्हायला आठ दिवस लागतील आणि पेटी आज मिळेल, म्हणून दोन्ही एकदमच कर. अंकांच्या कुलपाची छोटी लोखंडी पेटी तीन-साडेतीन हजारांत येते. ती नुसती कपाटात ठेवली तर चोर पेटीच उचलून नेतो. भिंतीला किंवा कपाटाच्या तळाला आतून चार बोल्टनी कस. काडतुसं दुसऱ्या कुलपात. सहा वर्षांच्या पोराला आपले अंक पाठ होतात, त्याच्या देखत दाबू नको.

झोपताना पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही. कातडं पाणी धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतात. ह्यातला एक अनुभव खाली लिहितो, तो वाचून मग ठरव.

२०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. माझं कानपूरचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर जमा करायचा आदेश आला. मी घाईत होतो, नातीचं लग्न होतं. होल्स्टरसकट कापडी पिशवीत घातलं, ठाण्यात दिलं, पावती घेतली. ६ जूनला आचारसंहिता उठली, हातात यायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. पाऊस लागला होता. बाहेर काढलं तर सिलिंडरच्या एका बाजूला, जिथे कातडं टेकत होतं तिथेच, तिळाएवढे सात-आठ खड्डे. चोवीस वर्षं दुसऱ्यांची हत्यारं गंजू दिली नाहीत आणि स्वतःचं गंजवलं. चूक पूर्ण माझी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेसाठी परत जमा करायची वेळ आली तेव्हा आधी साफ केलं, तेलाचा पातळ हात दिला, तेल लावलेल्या जुन्या धोतरात गुंडाळलं, सोबत सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवल्या आणि होल्स्टर घरी. डिसेंबरमध्ये जसं दिलं तसं परत आलं.

तिसरा खर्च साफसफाईचा, आणि तो हजाराच्या आत बसतो. पितळी किंवा अॅल्युमिनियमची कांडी, बत्तीसच्या मापाचा ब्राँझ ब्रश, जुन्या सुती धोतराच्या चिंध्या, गन ऑइलची बाटली. गन ऑइल नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, मोहरीचं नको आणि जवसाचं तर मुळीच नको. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं म्हणून लोक लावतात. ते वाळलं की डिंक होतो. एकाने आजोबांचं पिस्तूल ‘जाम झालं’ म्हणून दाखवायला आणलं होतं, स्लाइड हलत नव्हती. आत पिवळा चिकट थर, लाखेसारखा. रॉकेलने दोन दिवस भिजवून सुटलं.

तुझ्यासाठी तेल थेंबभरच. जास्त तेल म्हणजे जास्त रुई. कापसाच्या हंगामात आठवड्याला एकदा, बाकी वर्षात पंधरा दिवसांतून. मे महिन्यात कमरेचा घाम लागतो, त्यातलं मीठ पॉलिश खातं, तेव्हा रोज रात्री कोरड्या फडक्याने पूस आणि वरून तेलाचं फडकं फिरव.

मॅगझिन जास्तीचं मिळालं तर घे. पण ते हत्याराचा भाग आहे, परवान्यावरच मिळेल, परवानाधारक दुकानातूनच घे आणि पावती जपून ठेव. ऑनलाइन किंवा कुणाच्या ओळखीने घेऊ नको. वेब्लीचं मॅगझिन आता सहज मिळत नाही, ‘बसवून देतो’ म्हणणारे दुसऱ्या पिस्तुलाचं घासून देतात. त्यापेक्षा आहे ते नीट भरायला शीक. तुझ्या पिस्तुलाच्या काडतुसाला .३२ एसीपी म्हणतात, त्याच्या बुडाला बारीकसा काठ बाहेर आलेला असतो. भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठाच्या पुढे बसला पाहिजे. मागे बसला तर वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्यात अडकतं, आणि मग हात मारून, झटकून काही होत नाही, मॅगझिन उपसावंच लागतं. हे फुकटचं काम आहे आणि लेझरपेक्षा शंभर पट उपयोगाचं.

नेम नीट दिसण्यासाठी म्हणशील तर वीस रुपयांत एक गोष्ट सांगतो. तुझ्या पिस्तुलाची पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा उंचवटा, अगदी बारीक आणि काळी आहे, संध्याकाळी दिसत नाही. सूनबाईकडून पांढरी किंवा भडक नारिंगी नेलपॉलिश घे, काडीच्या टोकाने माशीच्या मागच्या बाजूला एक ठिपका दे. नको झालं तर रिमूव्हरने निघतं.

आणि ते जुनं डिझाईन आहे. चेंबरमध्ये गोळी चढवून कमरेला लावायचं नाही. मोटरसायकलवरून पडलास तर आपटण्याचा भरवसा देता येत नाही.

---

पैनगंगाकाठ

काका, तुम्ही एवढा वेळ काढला, खरंच आभार. काल रात्रीच मॅगझिन उपसलं. खाली कापूस होताच. बायकोला दाखवला तर ती काही बोलली नाही, फक्त पेटीचे पैसे मोजून दिले.

दोन गोष्टी राहिल्या. चिरलेल्या पट्टीचं काय करू? गावचा सुतार शिसमाची पट्टी करून देतो म्हणतो. दुसरं, माझा थोडा कापूस आदिलाबादला जातो. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. अर्ध्या तासाचा रस्ता आहे. तिकडे जाताना बाळगलं तर चालेल का?

---

फुलथ्रू

आदिलाबादचं आधी. नाही चालणार. तुझ्या परवान्यावर महाराष्ट्र लिहिलं आहे, नदीच्या पुलापर्यंतच तो परवाना आहे. अर्धा तास असो की पाच मिनिटं, पुलाच्या पलीकडे ते विनापरवाना हत्यार ठरतं. क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी कलेक्टर ऑफिसात अर्ज कर, कारणात आदिलाबादच्या मार्केटच्या पावत्या जोड. तोवर त्या दिवशी पिस्तूल पेटीत आणि पैसे बँकेतून.

पट्टीचं. उजवी पट्टी म्हणालास म्हणून थांबवतो. तू किंवा सुतार, कोणीही ती उघडू नका. वेब्लीत स्लाइड परत पुढे आणणारी स्प्रिंग इतर पिस्तुलांसारखी नळीखाली नसते. ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकवलेली पट्टी असते आणि मुठीच्या उजव्या पट्टीखालीच बसते. पट्टी काढली की ती उघडी पडते. तिच्याशी खेळलं आणि ती मोडली तर तशी दुसरी आणायची कुठून? शिसमाची पट्टी आतून चुकीची कोरली गेली तर स्प्रिंगला घासेल आणि पिस्तूल अर्ध्यात अडेल.

मूळ पट्टी व्हल्कनाइटची आहे, गंधक घालून कडक केलेलं रबर. म्हातारं झालं की ठिसूळ होतं. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गनस्मिथकडे स्वतः घेऊन जा, चीर भरून मिळते का विचार, नाहीतर लाकडी पट्टी त्याच्याकडूनच बसव. लाकडी पट्टी झालीच तर तिला मात्र जवसाचं तेल लाव, लाकडावर तेच उत्तम. फक्त पट्टी सुटी असताना, लोखंडाला न लागता.

तोवर सटकण्यावर उपाय सायकलच्या दुकानात आहे. जुन्या ट्यूबचा तीन बोटं रुंद गोल तुकडा काप, मुठीवर मोज्यासारखा चढव. चीरही दाबून राहते. पण दर आठवड्याला काढून खालचं पुसायचं. रबराखाली घाम साचला तर मी वर सांगितलेले तीळ तिथे उगवतील.

---

पंपवाली (गोंदिया जिल्हा)

काकांनी सगळं सांगितलंच आहे, बाईच्या बाजूने थोडं लिहिते. मी नवऱ्यामागे पेट्रोल पंप चालवते, सहा वर्षांपासून बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर बाळगते. साडीवर पट्टा बांधता येत नाही. सुरुवातीला मी पर्समध्ये तसंच टाकत होते. एकदा बँकेत पर्समधून चष्मा काढताना रिव्हॉल्व्हरची मूठच बाहेर आली, समोरची मुलगी घाबरून ओरडली. मला इतकं वाईट वाटलं की आठ दिवस मी ते घरीच ठेवलं. मग खांद्यावर आडवी घालायची जाड कॅनव्हासची पिशवी घेतली, तिच्या आत मागच्या बाजूला स्वतंत्र चेनचा कप्पा शिवून घेतला, त्यात मापाचं कातडी म्यान पक्कं शिवलं. त्या कप्प्यात दुसरं काहीही जात नाही, रुमालसुद्धा नाही. सगळा खर्च ११५० रुपये. पिशवी अंगावरून उतरवायची नाही, गाडीत, काउंटरवर, देवळात, कुठेच नाही. उतरवायची वेळ येणार असेल तर मी त्या दिवशी रिव्हॉल्व्हर नेतच नाही.

भाऊ, तुम्ही आणि काका दोघंही ‘बत्तीस’ म्हणता म्हणून सांगते, काडतुसं घेताना नीट बघा. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस वेगळं, लांब असतं. तुमच्या पिस्तुलाचं .३२ एसीपी आखूड. माझ्या दिराने माझ्यासाठी डबी आणायला गेल्यावर नुसतं ‘बत्तीस’ सांगितलं, दुकानदाराने परवाना बघून बरोबर अडवलं. हत्यारावर कोरलेलं असतं तेच डबीवर पाहिजे.

उरलेल्या पैशातून नेमबाजीच्या रेंजवर जा. मी वर्षातून दोनदा नागपूरला जाते. पहिल्या वेळी सात पावलांवरच्या कागदाला माझ्या सहापैकी दोन लागल्या होत्या. त्या दिवशी समजलं की आपण इतके दिवस काय घेऊन फिरत होतो.

आणि लग्नात कुणी फोटोसाठी मागेल. देऊ नका, सख्खा भाऊ असला तरी. हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि परवाना तुमचा.

---

पैनगंगाकाठ

ताई, तुमचा पर्सचा प्रसंग बायकोला वाचून दाखवला. चुलतभावाचं लग्न वैशाखात आहे आणि त्याने फोटोचं आधीच बोलून ठेवलं होतं. काल त्याला नाही म्हणून सांगितलं. रुसला आहे, पण ठीक.

आतापर्यंतचा हिशेब: पेटी ३२५०, भिंतीत बसवायला मिस्त्री २००. सागवानी ठोकळा सुताराने नुसत्या चहावर करून दिला. होल्स्टर ११००, पट्टा ५५०. हातबॅटरी ७४०. कांडी, ब्रश, तेल मिळून ६८०. सायकलच्या ट्यूबचे दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. झाले ६५२०. उरलेले ४८० रेंजच्या खर्चात टाकतो, थोडे वर घालावे लागतील. गनस्मिथकडे सोमवारी नागपूरला जातो आहे.

काका, एक अडचण. मोच्याने कातडं ठोकळ्यावर ओढून दोन दिवस सावलीत वाळवलं, आकार सुंदर आला आहे. पण पिस्तूल (रिकामं, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने तपासून) घालून पाहिलं तर फार घट्ट बसतं, काढायला दोन्ही हात लागतात. मोची म्हणतो आत तेल चोळा, सैल होईल. चोळू का?

---

फुलथ्रू

तेल नको. तेलाने कातडं मऊ पडेल आणि तोंड मिटायला लागेल, मग एवढी मेहनत वाया. ठोकळ्यावर प्लास्टिकची जाड पिशवी दोन पदरी गुंडाळ, होल्स्टरमध्ये दाबून घाल आणि रात्रभर तसंच राहू दे. सकाळी काढून पाहा. अजून घट्ट असेल तर तीन पदरी. उलटं धरून हलवलं तर पिस्तूल पडू नये आणि एका हाताने ओढलं तर निघावं, इतकं झालं की थांब. पिस्तूल नको, ठोकळाच घाल.